सतरा सुऱ्यांची अंघोळ

भांडं कसं घासायचं हे मला कोणी शिकवू नये. शाळेत मी तिसरीपर्यंतच गेले, पण घासण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. माझ्या घासलेल्या पातेल्यात बघून आमच्या ह्यांनी कित्येक वर्षं दाढी केली, आणि एकदाही कापून घेतलं नाही. असं असूनही सरकारचे सतरा सुरे माझ्या हातून गंजले. झालं ते झालं. पण वसाहतीत ही गोष्ट जो तो आपापल्या सोयीनं सांगतो. कंपाउंडरीणबाई सांगतात त्यात तर मी रडले असं आहे. मी रडले नाही. डोळ्यात लिंबाचा रस गेला होता. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं.

आमचे चिरंजीव जंगल खात्यात भांडारपाल आहेत. भांडारपाल म्हणजे दोन खोल्या, अकरा कपाटं आणि चालताना खुळखुळणारा किल्ल्यांचा जुडगा. नोकरीला दोन वर्षं होत आली होती आणि कायम झाल्याचा कागद यायचा होता. तो कागद अडला होता वरच्या तपासणी साहेबांच्या शेऱ्यावर. शेरा चांगला पडला तर कायम, वाईट पडला तर चंबूगबाळं उचला आणि चालू लागा. त्यामुळे घरात सगळे त्या शेऱ्याच्या धाकात. पोरगा तर झोपेतही कपाटं मोजायचा.

आता इथली हवा. हवा कसली, ओलं फडकंच ते, चोवीस तास तोंडावर टाकलेलं. सकाळी बरणीत मीठ असतं, संध्याकाळी पाणी. काडेपेटी मी उशीखाली ठेवते. कपाटाची दारं फुगतात, मग ती उघडायला ह्यांना बोलवावं लागतं आणि ती बंद करायला मला. ह्यांच्या चामडी पट्ट्यावर हिरवी लव उगवते. "निवृत्तीनंतर शेती करायचं मनात होतंच," असं हे सगळ्यांना सांगतात. चौतीस वर्षं कचेरीत टंकलेखन केलेल्या माणसाच्या विनोदाला हसावं लागतं, नाहीतर ते तो पुन्हा टंकतात.

तर अशा हवेत रखवालदारांसाठी सुरे घ्यायचे होते. वेली तोडायच्या, वाट मोकळी करायची, वेळ पडली तर फांद्यांचा आडोसा करायचा. दोन नमुने आले. एक न गंजणाऱ्या स्टीलचा, आरशासारखा, नवऱ्या मुलासारखा नटलेला. दुसरा साध्या पोलादाचा, राखाडी, कोणीतरी बोलल्यासारखा तोंड पाडून बसलेला. पोराचं मन अर्थातच नटलेल्यावर.

मी म्हटलं, "दोन्ही घरी आण."

"आई, ही सरकारी निवड आहे."

"तुझी बायको सोडली तर ह्या घरातली कुठली निवड मी केली नाही? आण."

(सून तिथंच होती. हसली. तीही वाईट निघाली नाही, पण ते तिच्यासमोर बोलायचं नसतं.)

मी आधी दोन्ही सुऱ्यांनी टोमॅटो कापला. दोन्ही छान. मग मागच्या अंगणातल्या वाळक्या बांबूवर चाळीस चाळीस घाव घातले आणि पुन्हा टोमॅटो घेतला. नटलेल्यानं त्याचा चेंदा केला. राखाडीनं साल न दुमडता चकती काढली. मग दोघांना दगडावर धार लावली. राखाडी दहा-बारा हातांत तयार. नटलेल्याला अख्खी दुपार घासलं तरी ढिम्म. शेवटी हाताला साबण लावून मुठी धरून बघितल्या. नटलेल्याची मूठ गुळगुळीत, हातातून मासोळीसारखी सटकली आणि ह्यांच्या चपलेशेजारी जाऊन रुतली. राखाडीची मूठ खरबरीत लाकडाची, पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, तीन रिपिटांनी ठोकलेलं. हलेल तर शपथ.

"सोन्याची सुरी असली म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाही," मी म्हटलं. "हा राखाडी घे."

"पण आई, हा गंजतो."

"न पुसता ठेवलं तर माणूसही गंजतो. तुझ्या वडिलांकडे बघ."

पोरानं फायलीत 'सखोल चाचणीअंती' असं लिहिलं आणि राखाडी सुरे सतरा मागवले. म्हणजे कागदावर निवड त्याची, पण वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक की निवड कोणाची. मीही ते लपवून ठेवलं नव्हतं. पाणी भरताना दोन-चारदा सहज निघालं असेल तोंडातून.

चार-पाच महिने गेले. एक दिवस रखवालदारांची तुकडी जंगलातून परत येताना आमच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबली. पुढे वाटाड्या. त्याला सगळे मामा म्हणतात. चाळीस वर्षं ह्या जंगलात वाट दाखवतोय, बोलणं मोजून-मापून. त्याच्या कमरेला त्याचा स्वतःचा जुना सुरा होता, तव्यासारखा काळा.

"मामा," मी म्हटलं, "हा सुरा की चुलीतून ओढलेलं लाकूड?"

मामा नुसता हसला. विचारल्यावर नुसतं हसणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून राग आहे. कारण मग माझी नजर मागच्या पोरांच्या सुऱ्यांकडे गेली. तेही काळे! मी निवडलेले, चाळीस घावांनंतर टोमॅटो कापणारे माझे सुरे, निळे-काळे, कळकट! आणि त्याच आठवड्यात पत्र आलं की तपासणी साहेब आठ दिवसांनी येत आहेत. पत्राला नियमांची यादी जोडलेली. सूनबाईंनी वाचून दाखवली. त्यात स्पष्ट होतं : हत्यारे स्वच्छ व चकचकीत असावीत.

चकचकीत! म्हटलं, सरकारनं हा शब्द मला विचारूनच घातला.

"सगळे सुरे घरी आण," मी पोराला सांगितलं. "घासून देते."

सूनबाई म्हणाल्या, "आई, तो काळेपणा म्हणजे घाण नसेलही. लोखंडावर तसा एक थर चढतो, आम्हाला शिकवलं होतं. राहू द्या ना."

"कॉलेजात भांडी घासायला शिकवतात?"

"नाही."

"मग?"

ती गप्प बसली. आता वाटतं, त्या दिवशी तिनं थोडं जास्त बोलायला हवं होतं. एरवी काय कमी बोलते?

सुरे घरी आणणं मात्र सोपं नव्हतं. भांडार ते आमचं घर चाळीस पावलं. पण सरकारी वस्तू फाटकाबाहेर न्यायची तर पास हवा आणि पासावर कारण हवं. पोरानं लिहिलं 'घासणे'. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, घासणे हे कारण यादीत नाही. ह्यांनी सुचवलं, 'देखभाल व निगा'. ते चाललं. मग पहारेकऱ्यानं पट्टी काढून एकेक सुरा मोजला. वीतभरापेक्षा लांब तो अवजार नव्हे, शस्त्र. आणि शस्त्र हललं की सोबत रखवालदार हवा. शिवाय वहीत सुरा वेगळा आणि म्यान वेगळं, म्हणजे नग चौतीस. अशा रीतीनं पुढे रखवालदार, मध्ये टोपलीत सुरे घेतलेला माझा मुलगा, मागे चौतीस नग मोजत पहारेकरी, अशी मिरवणूक चाळीस पावलं चालत आमच्या मोरीपाशी आली. शेजारपाजार दारात.

सल्ले तर फुकटच असतात. कंपाउंडर म्हणाले जखमेवरचं मलम लावा. जीपचा ड्रायव्हर म्हणाला डिझेलमध्ये बुडवा, "माझा पाना बघा काकू, दहा वर्षं झाली." कंपाउंडरीणबाई म्हणाल्या मेणबत्ती घासा. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कोणाचंच केलं नाही. राख घेतली, विटेची भुकटी घेतली, वर लिंबाची फोड. दोन दिवस बसले. खांदे भरून आले, पण एकेक सुरा असा निघाला की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत. कढत पाण्यानं धुतले, कोरड्या पंच्यानं पुसले, स्वयंपाकाचं तेल सढळ हातानं चोपडलं, चामड्याच्या म्यानांनाही तेल पाजलं, प्रत्येक सुरा आपापल्या म्यानात घातला आणि सगळे कपाटात नीट गुंडाळून ठेवले. लेकरं पांघरुणात घालून झोपवावीत तसे. त्याआधी एका सुऱ्यात बघून कंपाउंडरीणबाईंनी भांग सारखा केला, हे त्या आता सांगत नाहीत.

"नव्यापेक्षा नवे, आई!" पोरगा म्हणाला. दोन वर्षांत तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

तपासणीला तीन दिवस राहिले तेव्हा सूनबाई अगदी हळू म्हणाल्या, "आई, एकदा उघडून बघायचे का?"

"उघडून काय, पळून गेलेत?"

पण बघितलं. पहिला सुरा म्यानातून निघेना. ह्यांनी मूठ ओढली, मी म्यान ओढलं. शेवटी तो कुरकुरत निघाला आणि हे मोरीत बसले. पात्यावर लाल-तपकिरी पुरळ, त्यावर चिकट झालेलं तेल, त्याला म्यानाचा चुरा चिकटलेला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. सतराच्या सतरा.

पोरगा पालथ्या बादलीवर बसला. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी चार ऐकवले असते आणि दोघांनाही बरं वाटलं असतं. तो नुसता किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत राहिला. ह्यांनी तेवढ्यात, मोरीत बसल्या बसल्या, 'सदर बाब खेदजनक आहे' असं म्हणायची वेळ साधली.

आता मामाकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी वसाहतीच्या पुढच्या रस्त्यानं गेले नाही, मागून गेले. कंपाउंडरीणबाई नेमक्या मागेच कपडे वाळत घालत होत्या.

मामा आपल्या पडवीत बसून सुपारी कातरत होता. मी एक सुरा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो उचलला, नाकाशी नेला, नखानं खरवडला.

"कोणी सोललं ह्याला?"

"सोललं कुठे? घासलं."

"ताई, तो काळा रंग म्हणजे पोलादाची कातडी. वापरता वापरता चढते. चीक लागतो, आंबट लागतं, पुसायचं, की काळा पडतो. तो काळा असला की लाल धरत नाही. तुम्ही कातडी काढून उघडा केलात आणि वर ओल्या हवेत ठेवलात."

"ओल्या कुठे? चांगलं म्यानात घातलं."

"चामडं पाणी पितं. म्यान चालताना. घरी आल्यावर सुरा बाहेर. तो बघा माझा." त्याच्या सुऱ्याला चुलीच्या वर, लाकडी पट्टीत खाच केली होती. वारं लागत होतं, ऊब लागत होती.

"आणि तेल?"

"कुठलं?"

"स्वयंपाकाचं."

मामानं तोंडावर हात धरला. ह्या खेपेला हसू दिसू नये एवढं सौजन्य त्यानं दाखवलं. "ते चिकटतं, ताई. शिवणयंत्राचं घ्या. एक थेंब. अंगाला लावतो तसं नाही, डोळ्यात काजळ घालतो तेवढं."

"मामा," मी म्हटलं, आणि हे शब्द मला घशातून ओढून काढावे लागले, "त्या दिवशी मी तुमच्या सुऱ्याला लाकूड म्हटलं."

"म्हणाला होतात."

"चुकलं."

"लाकूडही कामाचंच असतं," मामा म्हणाला. "चला. तीन दिवस आहेत ना? लिंबं किती मिळतील?"

मग जे झालं ते वसाहतीनं कधी बघितलं नव्हतं. आधी बारीक वाळू आणि तेलाच्या बोळ्यानं सगळा गंज उतरवला. मग सतरा सुऱ्यांना सतरा माणसं. आमच्या अंगणात रखवालदार, ड्रायव्हर, कंपाउंडर, त्यांची बाई, सूनबाई, हे, सगळे मांडी घालून लिंबं चिरताहेत. लिंबू चिरायचं, रस पात्यावर तसाच ठेवायचा, घटकाभरानं पुसायचं, पुन्हा चिरायचं. लिंबं संपली की कांदे. तिथंही पोरगा हवालदिल होऊन फिरत होता.

"आई, सरकारी सुऱ्यानं लिंबू चिरणं हा खासगी वापर होतो. वहीत काय लिहू?"

हे म्हणाले, "लिही, 'लिंबांवर प्रात्यक्षिक'."

"आणि कांद्यांवर?"

"'पुनर्प्रात्यक्षिक'."

सरबत पिऊन पिऊन वसाहतीचे दात आंबले. तीन दिवस कोणाला सुपारी फोडता येईना. कंपाउंडरीणबाई माझ्या शेजारी बसून चिरत होत्या. "काकू, तुमच्यासारखी चकाकी आणायला जन्म जावा लागतो हो," त्या म्हणाल्या, "आणि घालवायला अख्खी वसाहत." तेव्हाच तो रस माझ्या डोळ्यात गेला.

पण सुरे बदलत होते. आधी पिवळट, मग राखाडी, मग पारव्याच्या मानेसारखे निळे. तिसऱ्या दिवशी सतराही सुरे काळे कुळकुळीत, आणि पोरानं भांडारात लाकडी पट्टीला खाचा करून ते उघडे टांगले. चकाकीवर आयुष्य काढलेली मी, त्या काळ्या रांगेकडे बघून मला बरं वाटलं. कोणाला सांगितलं नाही.

साहेब आले. बारीक, पांढरे स्वच्छ कपडे, हातात पांढरा रुमाल. प्रत्येक वस्तूवर रुमाल फिरवायचा आणि रुमालाकडे बघायचं, अशी तपासणी. दहा कपाटं पार पडली. मग सुरे. मी भांडाराच्या खिडकीबाहेर उभी होते. सहज. सूनबाई, कंपाउंडरीणबाई आणि अर्धी वसाहतही सहजच उभी होती.

"हे काळे कसे?" साहेबांनी नियमांची यादी काढली. "'स्वच्छ व चकचकीत.' तुम्ही वाचलं नाही?"

पोरगा किल्ल्यांचा जुडगा चाचपू लागला. मामा कोपऱ्यात उभा होता, पण तो रोजंदारीवरचा माणूस. साहेबापुढे तोंड उघडायचं कसं? साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

आता बघा. मी गप्प राहिले असते तर माझी अब्रू शाबूत होती. वसाहतीला ठाऊक होतं ते वसाहतीत राहिलं असतं. पण ते टोपण निघालं आणि मला राहवलं नाही.

"साहेब," मी खिडकीतून म्हटलं, "चकचकीत केले होते. मीच केले होते. चार दिवसांत सगळे सडले."

साहेब वळले. "आपण कोण?"

"भांडारपालाची आई."

"ह्या भांडाराशी आपला अधिकृत संबंध काय?"

"भांडारपालाला जन्म दिला."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सूनबाईच असणार. पण आता सुटलेच होते. राख, विटेची भुकटी, लिंबू, स्वयंपाकाचं तेल, म्यान, पांघरूण, सगळं सांगितलं. मोरीत बसलेले हेही सांगितले. माझा मूर्खपणा माझ्याच तोंडानं, भर दुपारी, कंपाउंडरीणबाईंच्या देखत. असं नाक कापून घेतल्यावर मी वर म्हटलं, "विश्वास नसेल तर एक सुरा द्या. तुमच्यासमोर चकचकीत करते. रात्रभर जवळ ठेवा. शेजारी एक काळा ठेवा. सकाळी मग लिहा काय लिहायचं ते."

साहेबांनी घड्याळ बघितलं, पोराकडे बघितलं, टोपण पुन्हा लावलं. "घासा," म्हणाले.

मी घासला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली घासणी ती. साहेबांनी त्यात स्वतःचा चेहरा बघितला आणि नकळत मिशी सारखी केली. मग तो सुरा म्यानात घालून आणि काळा तसाच उघडा, असे दोन्ही विश्रामगृहात नेले. फाटकावर नग तीन मोजून.

सकाळी आम्ही सगळे विश्रामगृहाच्या पायरीशी. साहेब बाहेर आले. म्यानातून सुरा काढला आणि सवयीनं त्यावर रुमाल फिरवला. पांढऱ्या रुमालावर सुऱ्याची लांबच लांब तपकिरी रेघ उठली. तो त्यांचा शेवटचा स्वच्छ रुमाल होता म्हणे. मग काळ्यावर फिरवला. काही नाही. काळ्यानं टेबलावरचं एक सफरचंद कापून बघितलं. सालही न दुमडता चकती पडली. साहेब चकती खात खात मामाजवळ गेले आणि त्याच्याशी अर्धा तास बोलत बसले. मामा कोणाशी अर्धा तास बोलल्याचं ते पहिलंच उदाहरण.

दुपारी शेरा आला. पोरानं कागद थेट सूनबाईंच्या हातात दिला, त्यांनी वाचला :

"भांडार समाधानकारक. सुरे काळे असले तरी उत्तम स्थितीत; नियमातील 'चकचकीत' हा शब्द ह्या विभागापुरता वगळण्याची शिफारस करतो. भांडारपालास कायम करण्यास हरकत नाही. अट : भांडारपालाच्या मातोश्रींनी सरकारी हत्यारांना हात लावू नये."

पोरगा माझ्या पाया पडायला वाकला आणि तिथंच बसून राहिला, दोन वर्षांचा श्वास एकदम सोडल्यासारखा. सूनबाईंना शेवटचं वाक्य वाचता वाचता हसू आवरेना.

"हसायला काय झालं?" मी म्हटलं. "तिसरी शिकलेल्या बाईच्या हातावर सरकारनं बंदी घातलीय. तुझ्या आईवर घातलीय का कधी? पुन्हा वाच. मोठ्यानं वाच, त्या कंपाउंडरीणबाई दारात आहेत."

तिनं तीनदा वाचलं. मग मी ह्यांना कागद-पेन आणायला लावलं, आणि हा हुकूम आमच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना लागू नाही, असं त्यांच्याकडून सहीनिशी लिहून घेतलं.